बाभळीवरचा पिंगळा

जयपूरला जाऊन तीन आठवडे राहिले आणि हवामहाल फक्त रिक्षातून पाहिला, असं सांगितलं की कराडच्या माझ्या मैत्रिणी कपाळाला हात लावतात. आमेरचा किल्ला राहिलाच. लाखेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या, त्याही भावजयीनंच आणून दिल्या. मी केलं काय, तर दुसरीच्या मुलांबरोबर शाळेच्या बसमधून एका धरणावर गेले, पुन्हा गेले, आणि शेवटी तर ज्या माणसावर माझा काडीचा विश्वास नव्हता त्याच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले.

शास्त्री नगर

माझा धाकटा भाऊ महेश विमा कंपनीत आहे. बदली होऊन तो जयपूरला गेला आणि शास्त्री नगरात घर घेऊन राहिला. मी गेल्या मेमध्ये प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. "ताई, आता तरी ये," असं तो म्हणत होताच. संक्रांत तिथंच करू म्हणून जानेवारीत गेले.

तिथली थंडी आपल्याकडच्यासारखी पहाटे येऊन दहाला निघून जाणारी नाही. ती घरातच मुक्काम करते. फरशीवर पाय ठेवला की पोटऱ्यांपर्यंत कळ जाते. म्हणून सगळी गल्ली सकाळपासून गच्च्यांवर. तिथंच मटार सोलायचे, तिथंच केस वाळवायचे, तिथंच भांडायचं. संक्रांतीला तर आकाशात जागा उरली नव्हती इतके पतंग. गच्चीगच्चीवर मोठ्यानं गाणी, आणि खाली ताटात फिणी, म्हणजे तिकडची शेवयांसारखी गोड फेणी, आणि गजक. गजक म्हणजे आपली तिळाची वडीच, पण अशी खुसखुशीत की दात लावायच्या आधी मोडते. बाजरीची भाकरी मात्र आपलीच चांगली. त्यांची जाड असते, आणि ती तुपात बुडवल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या झाडांना आणि तारांना फाटके पतंग आणि मांजा लोंबत होता.

माझी भाची जुई दुसरीत आहे. मराठी समजतं, पण बोलताना अडते आणि मधली फट हिंदीनं बुजवते. "आत्या, मतलब, मला ते वालं पाहिजे." मी दुरुस्त करायची, ती पुन्हा तेच म्हणायची.

धुक्यामुळं तिच्या शाळेनं लहान वर्गांची वेळ उशिराची केली होती, आणि त्या आठवड्यात वर्गात न बसवता मुलांना बाहेर उन्हात शिकवायचं, पक्षी दाखवायचे, असं ठरवलं होतं. प्रत्येक फेरीला काही पालक सोबत हवे होते. स्नेहलला, म्हणजे माझ्या भावजयीला, घरूनच ऑफिसचं काम असतं. तेव्हा मी गेले.

पहिल्याच सकाळी मला शंका आली. बसच्या दोन्ही बाजूंना शाळेचे मोठे रंगीत फलक बांधलेले होते आणि मुलं चढताना एक जण फोटो काढत होता. एक मुलगा नीट हसला नाही म्हणून त्याला उतरवून पुन्हा चढवला. माझी सगळी नोकरी मुलांच्या तोंडाकडं बघून खरं-खोटं ओळखण्यात गेली. निवृत्त झालं म्हणून ती सवय काही जमा करून घेत नाहीत. मनात म्हटलं, पक्षी मुलांसाठी आहेत की मुलं फलकासाठी, ते बघू.

कानोता

शहर ओलांडून, घाटातला बोगदा पार करून बस आग्रा रस्त्याला लागली. बोगद्यात सगळ्या मुलांनी एका सुरात आरोळी ठोकली. ती जगातली सगळीच मुलं ठोकत असावीत. पुढं दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. धुकं वर उचललं जात होतं आणि खालून पिवळा रंग उजळत होता.

कानोत्याचं धरण म्हणजे लांबच लांब भिंत, आणि पलीकडं पसरट, शांत पाणी. पाण्यावर चांदवे नावाचे पाणपक्षी होते, काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले. दूर बेटासारख्या उंचवट्यावर पट्टकादंब बसले होते. हे हंसासारखे पक्षी हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे पट्टे असतात. पण ते पट्टे दुर्बिणीतून दिसणार, आणि दुर्बिणी सगळ्या वर्गात मिळून दोन. मुलांना दिसत होते फक्त करडे ठिपके. थोड्या वेळात एक मुलगी संत्रं सोलायला लागली, कुणी दगड पाण्यात टाकायला लागलं. शेखावत मॅडम, म्हणजे त्यांच्या वर्गशिक्षिका, हातमोजे चढवत इकडून तिकडं फिरत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला ओळखीची होती. तपासणीच्या दिवशी माझाही चेहरा तसाच व्हायचा.

पक्षी दाखवायला शाळेनं गोपाल नावाचा माणूस बोलावला होता. पस्तिशीचा, गळ्यात मफलर, बोलायला गोड. मुलं त्याला 'चिड़िया सर' म्हणत. तो बसनं आला नव्हता. आम्ही पोचायच्या आधीच त्याची मोटरसायकल तिथं उभी होती. मुलं कंटाळली हे पाहून त्यानं टाळी वाजवली.

"चलो, अब असली चीज़ दिखाता हूँ. पर बिलकुल चुप!"

धरणाच्या भिंतीखाली एक जुनी बाभूळ होती. तिच्या खालच्याच फांदीवर, उन्हात, एक पिंगळा बसला होता. मुठीएवढं घुबड ते. अंगावर पांढरे ठिपके, पिवळे गोल डोळे. मुलांच्या तोंडून श्वास सुटल्यासारखा आवाज आला. जुईनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. फोटोवाला सरसावला. शेखावत मॅडमच्या चेहऱ्यावरची काळजी निघून गेली.

मीही बघत राहिले. खोटं कशाला सांगू, इतक्या जवळून मी कधी पिंगळा पाहिला नव्हता, आणि त्यामुळंच मला ते खटकलं. आमच्या शाळेच्या आवारात उंबराच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती. मुलं झाडाखाली आली रे आली की ते मान खालीवर करत आणि ढोलीत गडप होत. हा मात्र सगळ्या वर्गासमोर उघड्या फांदीवर बसून होता. ढोली नाही, जोडीदार नाही.

परत येताना मी शेखावत मॅडमना हिंदीत म्हटलं, "हा घाबरला कसा नाही?"

त्या हसल्या. "आंटीजी, महाराष्ट्र के उल्लू शर्मीले होंगे."

आजूबाजूचे पालकही हसले. मला मात्र पटलं नाही.

त्या रात्रीच्या जेवणात मी महेशला विचारलं. तो म्हणाला, "घुबडं एकाच जागी बसतात, ताई. मी वाचलंय." मग ताटातला मुळा चावत सहज म्हणाला, "दिवाळीच्या सुमाराला इथं घुबडं विकतात म्हणे, चोरून. जादूटोण्याला." स्नेहलनं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं, कारण जुई ऐकत होती. पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

पुन्हा कानोता

दोन दिवसांनी दुसरी फेरी. या वेळी मी ठरवलं होतं की पक्ष्याकडं बघायचंच नाही, माणसाकडं बघायचं.

मोटरसायकल आधीच उभी होती. मागं झाकणाची वेताची टोपली बांधलेली, रिकामी, तळाशी कापड. गोपालनं मुलांना बाभळीपासून लांब एका रेषेत उभं केलं आणि स्वतः झाड आणि मुलं यांच्या मध्ये उभा राहिला. एक मुलगी मागच्या बाजूनं बघायला निघाली तर गोड आवाजातच, पण चटकन म्हणाला, "उधर काँटे हैं, बेटा." काटे सगळीकडंच होते.

पिंगळा त्याच फांदीवर, त्याच जागी होता.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला की काय, मोठा आवाज झाला. झाडावरचे होले भर्रकन उडाले. मुलंही दचकून मागं वळली. मीही वळले. जुई मात्र वळली नाही.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "तो उडला."

"कुठं? तिथंच तर आहे."

"नाही ना. उडला, आणि मग खिंच गया. मतलब..." तिनं माझी बाही धरून हिसका दिला. "असं."

मी काही न बोलता मुलांच्या रेषेबाहेर पडले आणि बाभळीच्या मागं गेले. साडीला काटे लागले, लागू दिले. पिंगळ्याच्या पायापासून फांदीपर्यंत बारीक हिरवा नायलॉनचा दोरा होता. पानांच्या सावलीत तो दिसत नव्हता. मी हात लावल्यावर कळला.

गोपाल माझ्या मागोमाग आला. त्याचा आवाज एकदम खाली उतरला होता. "मैडम, बच्चों के सामने नहीं. हाथ जोड़ता हूँ."

"हे काय आहे?"

"मांझे से कटी थी. पंख बेकार है. उड़ नहीं सकती, गिरेगी तो कुत्ते ले जाएँगे. इसलिए बाँधता हूँ. शाम को घर ले जाता हूँ." मग माझ्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही म्हणून असेल, तो म्हणाला, "आप घर आके देख लीजिए. मुरलीपुरा में है."

मला वाटलं होतं तो नाकारेल, चिडेल. त्यानं बोलावणंच दिल्यावर मी उलट जास्त सावध झाले. ज्याला लपवायचं आहे तो घरी कशाला बोलावेल? आणि घरी बोलावलं की कुणी येत नाही, हेही अशा माणसांना माहीत असतंच.

मी म्हटलं, "उद्या येते."

मुरलीपुरा

स्नेहलला घेऊन गेले. एकटी जायची माझी हिंमत नव्हती. मुरलीपुऱ्यात रस्त्याला लागून छोटे कारखाने, पत्रे कापल्याचा आवाज, आणि त्यांच्यामागं घरांच्या रांगा. गोपालचं घर वरच्या मजल्यावर होतं. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिचं नाव संतोष. डोक्यावर ओढणी, हाताला ओलं पीठ.

आत जाताच माझा संशय निम्म्यावर आला, हे कबूल करते. खोलीभर पुठ्ठ्याची खोकी, आणि खोक्यांतून कबुतरं, होले, एक पोपट. कुणाच्या पंखाला पट्टी, कुणाच्या मानेला हळद. एका कबुतराला संतोष ड्रॉपरनं पाणी पाजत होती. संक्रांतीनंतर लोक रोज आणून देतात, ती म्हणाली. ती बोलत होती आणि एका हातानं त्या कबुतराची मान धरून होती, इतकी हलक्या हातानं की मला माझ्या विचारांची लाज वाटायला लागली. तिनं आम्हाला चहा दिला, पौषवडे दिले. मंदिरात पौषात वाटतात ते हे मुगाच्या डाळीचे वडे, आत अख्खे मिरे. स्नेहलनं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. म्हणजे, झालं समाधान?

"आणि पिंगळा?" मी विचारलं.

"कोचरी?" संतोष हसली. तिकडं पिंगळ्याला कोचरी म्हणतात. "वो रही."

कपाटावर बसला होता. आमच्याकडं बघून त्यानं मान खालीवर केली, आणि सरळ कपाटावरून उडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. न अडखळता, आवाज न करता.

गोपाल कपात बघत होता.

संतोषला काही कळलं नाही. ती कौतुकानं म्हणाली, "दिवाली के बाद से ऐसे ही उड़ती है. बिलकुल ठीक हो गई. अब तो स्कूल जाती है ना!"

मी गोपालकडं पाहिलं. "पंख बेकार है म्हणालात."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला की सोडणारच होतो, पण त्याच वेळी शाळेचं काम आलं. मुलांना पक्षी दिसलेच पाहिजेत असं त्यांचं म्हणणं होतं. आणि मग खालच्या आवाजात, "शेखावत मैडम को सब पता है."

संतोषनं हातातलं कबुतर खोक्यात ठेवलं. "बाँधते हो इसको?" तिनं नवऱ्याला विचारलं. उत्तराची वाट न बघता ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

परत शास्त्री नगर

घरी महेश माझ्यावर वैतागला. "ताई, तू चार दिवसांनी कराडला जाशील. आम्हाला इथं राहायचंय. जुईला त्याच शाळेत जायचंय. एका घुबडासाठी बाईंशी वैर घ्यायचं?"

त्याचं चुकत नव्हतं. परगावात माणूस जपूनच राहतो. सगळ्यांशी जमवून घेता घेता त्याचं बोलणंसुद्धा तिकडच्यासारखं नरम झालं होतं. मी म्हटलं, भांडणार नाही. पण जाणार.

शाळा सुटल्यावर शेखावत मॅडमना वर्गात गाठलं. मला वाटलं होतं, त्या आधी 'मला काहीच माहीत नाही' म्हणतील. तसं झालं नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि बाकावर बसल्या, मुलांच्या त्या बुटक्या बाकावर.

"पिछले साल भी ले गई थी," त्या म्हणाल्या. "तीनों दिन धुंध. बच्चों को कुछ नहीं दिखा. पेरेंट्स ने कहा पिकनिक के नाम पर ठंड खिला लाए. मैनेजमेंट ने कहा, बंद करो. मैंने ज़िद की." त्या थांबल्या. "मैं चाहती थी कि बस एक चीज़ पक्की दिखे."

"ती चीज मुलांना खरी वाटते आहे," मी म्हटलं.

"चिड़िया तो सच्ची है ना, आंटीजी."

मी एवढंच सांगितलं की टायर फुटला तेव्हा सगळे मागं वळले, फक्त जुई पाखराकडं बघत होती, आणि तिला कळलंय. आज तिनं मला सांगितलं, उद्या मैत्रिणीला सांगेल.

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "गोपालजी को मैं बोलती हूँ. छोड़ देंगे." ते इतक्या पटकन म्हणाल्या की मला त्यातही लबाडीचा वास आला. सोडलं असं सांगायला काय लागतं? टोपली रिकामी दाखवली की झालं.

"सोडताना मी तिथं असेन," मी म्हटलं.

आणि होते. शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी, जुईला घेऊन, मुरलीपुऱ्यातल्या त्या गच्चीवर. दिवसा सोडलं तर कावळे मारतात, म्हणून दिवेलागणीची वेळ. इथंच मागच्या पिंपळाखाली सापडलं होतं, म्हणून जागाही हीच. गोपाल हे सांगत होता आणि मी प्रत्येक वाक्य तपासत होते, पण खोट सापडली नाही. टोपली आणली संतोषनं. झाकणही तिनंच उघडलं. गोपाल मागं उभा राहिला.

पिंगळा बाहेर आला, कठड्यावर बसला, आणि तिथंच राहिला. बराच वेळ. गोपाल माझ्याकडं बघून म्हणाला, "देखा? जाना नहीं चाहती." मला शंका आली की यानं काही खायला घालून सुस्त केलंय की काय. एवढ्यात पिंपळातून चिरका, किरकिरा आवाज आला. दुसरा पिंगळा. आमच्या पिंगळ्यानं मान वळवली, पंख उघडले, आणि अंधारत चाललेल्या पिंपळात शिरला. मग दिसला नाही.

संतोषनं ओढणीनं डोळे पुसले. गोपालनंही तोंड फिरवून डोळे पुसले. त्याचं ते रडणं खरं होतं की काय, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पण त्या खोक्यांतली कबुतरं मी पाहिली होती, तीही खोटी नव्हती.

शेवटची फेरी

मुलं बसमधून उतरली ती थेट बाभळीकडं पळाली. फांदी रिकामी. "चिड़िया सर कहाँ हैं? उल्लू कहाँ है?"

गोपाल आला नव्हता. शेखावत मॅडमनी मुलांना धरणाच्या भिंतीवर उन्हात बसवलं. फोटोवाल्याला त्यांनी लांब जायला सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी गोष्ट रचतील, उडून गेलं, पाहुण्याकडं गेलं. त्या म्हणाल्या, "वो उल्लू हमने बाँध रखा था. पैर में धागा था. वो ग़लत था. कल उसे छोड़ दिया."

एवढंच. एका पालकबाईनं तिथल्या तिथं फोन काढला आणि कुणाला तरी सांगायला लागली. पुढं मॅडमना शाळेत काय ऐकावं लागलं ते मला माहीत नाही. काही तरी ऐकावं लागलंच असेल.

मग संत्रं सोलणाऱ्या त्या मुलीनं पाण्याकडं बोट दाखवलं. दूर उंचवट्यावर पट्टकादंब बसले होते, नेहमीसारखे, न हलता.

"मैम, तो वो भी बँधे हैं?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. संशय घेणं माझं काम, असं मी आयुष्यभर समजत आले. पण तो सात वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत पाहिला आणि मी पाण्याकडं बघायला लागले.

"बैठते हैं," मॅडम म्हणाल्या. "देखते हैं."

आम्ही बसलो. कुणी दगड टाकला नाही. ऊन पाठीवर चढत गेलं. चांदवे बुडी मारत होते, वर येत होते. खाली ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला, मॅडमनी हातानंच थांब म्हटलं. दुर्बिणी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होत्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येकाला डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे दिसले.

मग उंचवट्यावरून आवाज आला, घोगरा, एकमेकांना हाका मारल्यासारखा. काही पट्टकादंब उठले, पाण्यावरून धावत वर चढले, आणि आमच्या डोक्यावरून रांग धरून मोहरीच्या शेतांकडं गेले. पंखांचा आवाज ऐकू येण्याइतके खालून. मुलं उभी राहून ओरडायला लागली. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

ती मुलगी मात्र अजून उंचवट्याकडंच बघत होती. तिथं निम्म्याहून जास्त पक्षी तसेच बसून होते. "और ये? ये क्यों नहीं गए?"

मी काही बोलणार, एवढ्यात माझ्या शेजारी बसलेली जुई पुढं झुकली. त्या मुलीला हिंदीत समजावून झाल्यावर ती माझ्याकडं वळली. आत्याला मराठीतच सांगावं लागतं, म्हणून शब्द जुळवत, अडत अडत म्हणाली, "ज्यांचं मन झालं, ते गेले. ह्यांचं मन नाही झालं, आत्या. बस."

मी दुरुस्त केलं नाही.